रंग बदलण्याची विद्या

आमच्या घरी दोन्ही वेळा अकरा पाने मांडली जातात. असे असता, एका घरात आठांहून अधिक माणसे राहूच शकत नाहीत, असे आमच्या पंधरा वर्षांच्या नातीने गेल्या वैशाखात आम्हांस अगदी शांतपणे सांगितले. आमच्या हातातला पाण्याचा पेला हातातच राहिला. आम्हांस वाटले, वेगळ्या बिऱ्हाडाची कुजबूज घरात सुरू झाली आणि ती पोरीच्या तोंडून बाहेर पडली! एकत्र कुटुंबात अशा गोष्टी प्रथम मुलांच्याच तोंडून कळतात, हा ज्येष्ठ मंडळींचा अनुभव आहे. परंतु पाच मिनिटांत उलगडा झाला की, हे घर परभणीतले आमचे घर नसून संगणकाच्या पडद्यावरचे घर होय, आणि आठांची मर्यादा एका खेळाच्या कर्त्यांनी घातलेली आहे. सुनांविषयी क्षणभर मनात आलेल्या संशयाबद्दल आम्ही मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली.

खेळाचे नाव सिम्स. विल राइट नावाच्या अमेरिकन गृहस्थाचे घर १९९१ साली ओकलंडच्या मोठ्या आगीत जळाले. नवे घर उभारताना माणसाला खरोखर कोणकोणत्या वस्तू लागतात, ह्या विचारातून त्यास ह्या खेळाची कल्पना सुचली. २००० साली खेळ बाहेर पडला. आमची नात खेळते ती त्याची चौथी आवृत्ती २०१४ ची असून, २०२२ च्या ऑक्टोबरापासून तिचा मूळ भाग फुकट मिळू लागला; नाही तर तो आमच्या घरात शिरता ना! ह्यात जिंकणे नाही, हरणे नाही. माणसे करावयाची, त्यांस घर बांधून द्यावयाचे, वेळेवर जेवू घालावयाचे, निजवावयाचे, भांडले तर समजूत घालावयाची. आमच्या कुटुंबाने हे वर्णन ऐकून विचारले, "मग ह्यात खेळ तो कोणता? हे तर मी पंचेचाळीस वर्षे करते आहे."

नातीने आपलेच घर पडद्यावर मांडावयास घेतले होते, आणि अकरांतले तिघे वगळणे तिला भाग होते. वगळलेले तिघे म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आमचे धाकटे बंधू आणि आम्ही. कारण विचारता ती म्हणाली, "आबा, तुम्ही खुर्चीतून उठतच नाही. तुम्हांला घेऊन करू काय?" कुटुंबप्रमुखास हे ऐकून घ्यावे लागते, अशी वेळ आली आहे खरी! मात्र पहिले स्थान कोणास द्यावयाचे ह्याविषयी तिच्या मनात किंचितही शंका नव्हती. ते काकूंचे होते.

काकू म्हणजे आमच्या चुलत्यांच्या पत्नी. आम्ही त्यांना काकू म्हणतो म्हणून आमची मुले त्यांना काकू म्हणतात आणि नातवंडेही काकूच म्हणतात. वय शहाऐंशी. दात गेले, कान थोडे गेले, परंतु दृष्टी अशी की ताटातल्या तांदळातला खडा त्या ओसरीवरून दाखवितात. त्या अजून नऊवारी नेसतात. नेमके येथेच नातीचे अडले. खेळात झगे, पाटलोणी, टोप्या ह्यांची रेलचेल; मुंबईच्या रस्त्यांवरील पेहरावावरून बेतलेला कपड्यांचा एक संचही २०२१ साली ह्या खेळासाठी निघाला, पण तो विकत घ्यावा लागतो. नऊवारी लुगडे मात्र आम्हांस त्यात कोठे आढळले नाही. तेव्हा असलेल्याच एका लांब झग्याचा रंग आणि नक्षी बदलून त्याचे लुगडे करावयाचे, असा तिने बेत केला. ही विद्या जगभर चालते आणि तिच्यासाठी निराळी साधने आहेत, हे आम्हांस तेव्हा प्रथम कळले.

विद्या मोठी मौजेची आहे. पडद्यावरचे माणूस चहूबाजूंनी भरीव दिसते, तरी त्याच्या अंगावरचे कपडे म्हणजे वस्तुतः एक सपाट चित्र असते. आमच्या गल्लीतला शिंपी कापड बेतून पुढचा भाग, पाठ, बाह्या असे तुकडे टेबलावर मांडतो, अगदी तसेच झग्याचे तुकडे ह्या चित्रात उलगडून मांडलेले असतात. चित्र रुंदीस १०२४ आणि उंचीस २०४८ ठिपक्यांचे. म्हणजे सुमारे एकवीस लाख ठिपके. सिम्स ४ स्टुडिओ नावाच्या साधनाने ते खेळातून बाहेर काढावयाचे, चित्रे दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावयाचे, रंगवावयाचे आणि परत आत घालावयाचे. नात वापरते त्या सॉफ्टवेअरचे नाव गिंप. कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ च्या सुमारास लिहावयास घेतले आणि ते सर्वांस विनामूल्य आहे.

मर्यादा एकच. रंग बदलता येतो, बेत बदलता येत नाही. झग्याचा घेर झग्याचाच राहतो. त्यास काष्टा मारता येत नाही. त्यासाठी आकृतीच नव्याने घडवावी लागते आणि ती पुढची इयत्ता. म्हणून पडद्यावरच्या काकू पहिल्या दिवशी काठापदराच्या रंगात, पण परकर नेसल्यासारख्या दिसू लागल्या. खऱ्या काकूंना ते दाखविले. त्या बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "कोण गं ही? एवढी म्हातारी होऊन परकर नेसलीय!"

ह्या उद्योगास पोरखेळ म्हणून झिडकारावे, अशी आमची पहिली वृत्ती होती. परंतु चौकशी करता दिसले की, खेळातली अर्धी सृष्टी रंग बदलूनच निर्माण झाली आहे. आमचा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, ह्या विषयात दडलेला पंडित निघाला. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्स ह्या जपानी खेळात मारिओ आणि त्याचा भाऊ लुइजी ह्यांची आकृती एकच. कपड्यांचे रंग तेवढे निराळे. एवढेच नव्हे, आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हेही एकच चित्र. पांढरे केले की ढग, हिरवे केले की झुडूप. त्या काळच्या यंत्रात जागा इतकी अपुरी होती की, एका आकृतीवर दोन संसार चालवावे लागत. हे सांगता सांगता मुलाच्या तोंडून आणखी एक गोष्ट निसटली. वीसएक वर्षांपूर्वी, आम्ही समजत होतो की स्वारी शिकवणीस जाते, तेव्हा ती स्टेशनरोडवरच्या एका इंटरनेट-कॅफेत व्हाइस सिटी नावाच्या खेळातल्या नायकाच्या ताडाच्या पानांच्या नक्षीच्या सदऱ्यावर चौकडी रंगवीत बसे. त्या खेळात ह्यासाठी निराळी सोयच होती म्हणे. चित्र एका ठरलेल्या कप्प्यात ठेवले की नायक ते अंगावर घालून हजर. शिकवणीच्या फीचा हिशेब आता मागणे व्यर्थ. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे आमच्या गावाविषयी लोक म्हणतात. त्याचे पुढे बनले, हे आमचे दैव.

आणि आपल्याकडे तरी हे नवे आहे काय? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. त्यानंतर घरोघरच्या बायकांनी काय केले? छापील लक्ष्मीच्या लुगड्यावर खरी टिकली शिवली, काठावर खरी जर लावली, गळ्यात मणी ओवले. अशी सजविलेली चित्रे आजही जुन्या घरांतून आणि संग्रहांतून दिसतात. आमच्या आजीने शिवलेली एक लक्ष्मी आमच्या माजघरात आहे. तिच्या अंगावरची जर चित्राच्या कागदापेक्षा अधिक टिकली. छापलेले सर्वांचे असते; त्यावर आपला काठ लावला की ते आपल्या घरचे होते. नातीचा उद्योग ह्याहून निराळा आहे असे आम्हांस वाटत नाही. आजीपाशी सुई होती, हिच्यापाशी उंदीर आहे.

असो. झग्याचा रंग तिने हिरवा केला होता, राघूच्या पंखासारखा. त्यास आधार होता. आमच्या बैठकीत काकूंच्या लग्नानंतरचे १९५५ सालचे छायाचित्र टांगलेले आहे. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. चुलते काळी टोपी घालून खुर्चीवर ताठ बसलेले, शेजारी सोळा वर्षांच्या काकू पैठणी नेसून उभ्या. पैठणी हिरवीगार, काठ पिवळाधमक, गाल गुलाबी. नातीने त्या चित्रावरून हिरवा रंग अचूक टिपला आणि मोठ्या अभिमानाने काकूंस दाखविला.

"हिरवी कुठली गं? माझी पैठणी हिरवी नव्हती."

"अगं काकू, फोटोत आहे की!"

"फोटो काळाच होता. रंग त्या फोटोवाल्यानं भरले नंतर, ब्रशनं. त्याच्याजवळ हिरवा असेल. मला कुणी विचारलं होतं?"

सत्तर वर्षे ते चित्र भिंतीवर आहे, आणि सत्तर वर्षांत ही गोष्ट काकूंनी सांगितली नव्हती, की आम्ही कोणी विचारली नव्हती. आम्हांस स्वतःस ती पैठणी पाहिल्याचे आठवते. आमच्या मुंजीत काकू ती नेसल्या होत्या, आणि आमच्या डोळ्यांपुढे त्या दिवशीच्या काकू हिरव्या लुगड्यातच उभ्या राहतात. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेला रंग पुढे भिंतीवरच्या रंगाने पुसून टाकला! कोण्या फोटोवाल्याच्या कुंचल्याने आमच्या आठवणीवरही एक हात फिरविला होता, आणि आम्हांस त्याची दाद नव्हती.

"मग कोणता रंग होता?" नातीने विचारले.

"डाळिंबी."

आता पैठणी घरात नाही. तिचा हातभर काठ तेवढा उरला आहे, आणि त्याचे गुरुचरित्राच्या पोथीचे बासन झालेले आहे. पन्नासांहून अधिक वर्षांच्या उजेडाने, धुपाने आणि हाताळण्याने त्याचा रंग जुन्या विटेसारखा झाला आहे. त्यावरून डाळिंबीची कल्पना येणे अशक्य. परंतु काकूंनी एक गोष्ट सांगितली ती वाचक भगिनींस ठाऊक असेल. आम्हांस ती नवी होती. पैठणीच्या काठाला उलट-सुलट नसते. नक्षीचा प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता हाताने गुंफून मागे फिरविलेला असतो, त्यामुळे दोन्ही अंगे सारखीच. बासनाला आतून मांजरपाटाचे अस्तर आहे. ते उसवले, तर अस्तराखालची बाजू उजेड न पाहिलेली, तशीच्या तशी असावयास पाहिजे.

येथे घरात खरा वाद पेटला. आमच्या कुटुंबाने पोथीच्या बासनास हात लावू देण्याचे साफ नाकारले. "पोथीचे वस्त्र उसवून खेळातल्या बाईला नेसवायचे? सोवळ्यातल्या वस्तूचे काय मांडले आहे!" तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. ज्या घरात वस्तूंस जागा ठरलेली असते, त्या घरात माणसांसही आपली जागा राहते, असे आमचेही मत आहे. शिवाय हा खेळ. उद्या त्यात ती बाई कोणाशी कशी वागेल ह्याचा नेम काय? थोरली सून सासूच्या बाजूची, धाकटी नातीच्या. आम्ही, जे घरात आठांतही नव्हतो, ते गप्प राहिलो. अखेर काकूच म्हणाल्या, "अगं, बासन व्हायच्या आधी ते माझं लुगडं होतं. आण इकडं."

पोथी दुसऱ्या वस्त्रात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवण्यात आली. काकूंनी चष्मा न लावता, ब्लेडने एक एक टाका कापून अस्तर सोडविले. आतला रंग दिसला तेव्हा ओसरीवर असलेले सारेच क्षणभर स्तब्ध झाले. लाल म्हणावा तर त्यात जांभळ्याची झाक, जांभळा म्हणावा तर ठिणगीसारखा जिवंत. "डाळिंबाच्या सालीचा नव्हे," काकू म्हणाल्या, "दाण्याचा." आमचे कुटुंब शेजारीच उभे होते. ते काहीच बोलले नाही. मात्र आत जाऊन तिने स्वतः एक कोरा पांढरा कागद आणून दिला, कारण नात तोच शोधीत होती.

पांढरा कागद कशासाठी? दिव्याच्या उजेडात छायाचित्र घेतले तर सारे पिवळट येते. कापडाशेजारी पांढरा कागद ठेवला म्हणजे, हा पांढरा आहे असे यंत्रास दाखवून बाकीचे रंग त्या मानाने सुधारता येतात. चित्र अंगणात, सकाळच्या सावलीत घेतले. वैशाखातले आमचे ऊन दहा वाजता सगळेच रंग जाळते. संगणक एकंदर १,६७,७७,२१६ रंग दाखवितो. तांबड्याच्या, हिरव्याच्या आणि निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या. काकूंचा रंग तांबडा १५०, हिरवा २० आणि निळा ४५ येथे येऊन थांबला. पण तेथपर्यंत पोहोचण्यास नातीस दोन दुपारी लागल्या, कारण परीक्षक कठोर होता. "हा आमसुली झाला." "हा गुलबक्षी." "हा तर जळका अंजिरी." आमच्या लक्षात आले की, यंत्राजवळ दीड कोटीहून अधिक रंग आहेत पण नाव एकाचेही नाही, आकडे आहेत. काकूंपाशी नावे पन्नासएक असतील, परंतु प्रत्येक नावामागे एखादे फळ, फूल, पक्षी अथवा धान्य उभे आहे. मोतिया, अबोली, केतकी, लिंबोळी, मोरपंखी, वांगी, उदी, शेवाळी. कापडबाजारातल्या जुन्या दुकानदारांस ही नावे अजून समजतात; नवे पोरगे 'मरून' म्हणून मोकळे होतात. नातीने ही सारी नावे आकड्यांसह वहीत उतरवून घेतली आहेत. त्या वहीस आम्ही तिच्या शाळेच्या कोणत्याही वहीपेक्षा अधिक किंमत देतो. तिच्या आईस हे सांगू नये.

नक्षीचे काम ह्याहून चिकट. काठावर दोन रावे समोरासमोर, मध्ये वेल. त्यातली एक पुरी जोडी कापून घेऊन तीच पुन्हा पुन्हा लावीत गेले की काठ तयार होतो; पण सांधा दिसता कामा नये. तो तपासण्याची युक्ती अशी की, चित्र निम्म्याने सरकवावयाचे, म्हणजे कडा मध्यभागी येतात आणि चूक उघडी पडते. पहिल्या खेपेस एका राव्याला दोन शेपट्या आल्या. पुढे कुशीवर, जेथे पुढचा भाग आणि पाठ मिळतात, तेथे वेल दोन बोटे खाली-वर झाली. काकू म्हणाल्या, आडव्या रेघांचे पोलके शिवताना आळशी शिंपीही हेच करतो.

रंग झग्यावर बसविण्याची रीत तर आम्हां गणित शिकविलेल्या माणसास फार आवडली. झग्याच्या चुण्या, त्यांतली सावली, हे सारे मूळ चित्रातच रंगविलेले असते. वरून नवा रंग थापला तर चुण्या बुजतात आणि कापडाचा पत्रा होतो. म्हणून आधी मूळ झग्याचा रंग काढून तो राखाडी करावयाचा, चांगला उजळ करावयाचा, आणि नक्षीचा थर त्यावर 'गुणाकार' पद्धतीने ठेवावयाचा. प्रत्येक ठिपक्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याने गुणून २५५ ने भागावयाचा. सावली १२८ आणि रंग २०० असेल तर फळ १०० येते. पांढरे असेल तेथे रंग जशाचा तसा, काळे असेल तेथे काळेच. त्यामुळे चुणी चुणीच राहते. उत्तर दोहोंपैकी कोणत्याही आकड्याहून मोठे कधीच येत नाही. आम्ही तीस वर्षे फळ्यावर अपूर्णांकांचे गुणाकार शिकविले. गुणाकार केला असता संख्या लहान कशी होते, हे पटविण्यास आमच्यापाशी त्या वेळी हे लुगडे असते तर!

जर मात्र ह्या रीतीने हाती येत नाही. गुणाकारात तिचा चिखल होतो आणि नुसता पिवळा भरला तर हळद दिसते. सोने हा रंग नव्हेच. ते उजेडाचे वागणे आहे. त्यासाठी झग्याच्या चित्रासोबत दुसरे एक चित्र असते, त्यात कोठे किती चमक हे पांढऱ्याकाळ्यात लिहावयाचे असते. ते जमविण्यात नातीच्या चार रात्री गेल्या. परीक्षा नव्हती हे खरे, तरी आमच्या घराच्या शिस्तीस ते शोभण्यासारखे नव्हते, आणि आम्ही तसे बोलूनही दाखविले.

चवथ्या रात्रीनंतरच्या दुपारी तिने ते पडद्यावर दाखविले. पडद्यावरची म्हातारी खिडकीपाशी गेली आणि काठ खरोखर चमकला. काकू पुढे झुकून पाहत होत्या. नातीने सहज विचारले, "काकू, तू ही कितीदा नेसली होतीस?"

काकूंनी बोटे मोजली. "लग्नात. मंगळागौरीला. तुझ्या आबाच्या मुंजीत. आणि एकदा बारशाला. चारदा."

"मग फाटली कशी?"

"फाटली कुठली! जरवाल्याला दिली. दुष्काळात."

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या कोणास सांगावयास नको. विहिरी आटल्या, शेते उजाड झाली, घरोघर अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. आम्ही त्या वर्षी शिक्षणासाठी तेव्हाच्या औरंगाबादेस होतो. आमचे वडील आधीच निवर्तले होते आणि घर चुलत्यांच्या शिरावर होते. फी भरण्याची मुदत संपत आली. मीटरगेजच्या गाडीने परत यावे आणि मिळेल ती नोकरी धरावी, असे आम्ही पत्रही लिहिले होते. उत्तरादाखल चुलत्यांची मनिऑर्डर आली. त्यात दोन सत्रांची फी आणि खाणावळीचे पैसे होते. कूपनावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते की, एक जीर्ण लुगडे पडून होते ते जरवाल्यास दिले, काळजी न करणे. ते वाक्य आम्ही शब्दशः खरे मानले. पन्नास वर्षांहून अधिक काळ आम्ही असे धरून चाललो की, आमच्या शिक्षणास एक फाटके लुगडे खर्ची पडले.

जरवाला दारातच बसला होता, असे काकू सांगू लागल्या. त्याने पैठणी लोखंडी घमेल्यात घालून पेटविली. रेशीम जळते, जरीची चांदी-सोने राहते. ते तागडीत टाकून तो पैसे देतो. लुगडे चांगले की जुने ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पेटविण्याआधी काकूंनी कात्रीने हातभर काठ कापून घेतला, तेव्हा तो कुरकुरला, कारण तेवढी जर कमी झाली. "वास फार येतो गं रेशमाचा," एवढेच त्या म्हणाल्या. "केस जळल्यासारखा."

नातीने आमच्याकडे पाहिले. आम्ही खुर्चीतच होतो. आम्हांस काहीतरी बोलावयास पाहिजे होते, परंतु त्याच वेळी काकूंनी विषय बदलला. पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ह्यात हा का नाही?"

"आठच माणसं चालतात, काकू."

"मग मला काढ आणि ह्याला घे."

"तुला काढलं तर लुगडं नेसवू कुणाला?"

हे त्यांना पटलेले दिसले. त्या हसल्या आणि अस्तर घेऊन बसल्या.

त्या रात्री सारी मंडळी निजल्यावर नात संगणक बंद करावयाच्या बेतात असता आम्ही तिच्या मागे जाऊन उभे राहिलो. ह्या खेळात माणसे म्हातारी होतात आणि ठरल्या दिवसांनी मरतात, हे तिने आम्हांस पूर्वी सांगितले होते. पडद्यावर नियमांचे पान उघडे होते. आपल्या घरापुरते वय वाढणे तिने बंद केलेले होते. आम्ही ते वाचले हे तिला कळले असावे, परंतु ती काही बोलली नाही व आम्हीही विचारले नाही.

बासन पुन्हा शिवावयाचे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः डाळिंबी दोरा आणण्यास बाजारात गेलो. खुर्चीतून उठत नाही असे कोणी म्हणावयास नको. तीन दुकाने फिरलो. तांबडा होता, मरून होता, गुलाबी होता. शेवटी तांबडेच रीळ घेऊन घरी आलो. काकूंनी ते उजेडाकडे धरून पाहिले, मान हलविली, आणि नातीकडून सुई ओवून घेतली.